पिंपळमूळ : अंजनगावच्या मळ्यातील एक वेल आणि चिनी औषधिग्रंथातील एक शब्द

अंजनगाव-सुर्जी हे नाव इतिहासाच्या वाचकाला एका तहामुळे ठाऊक असते. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील आडगावच्या मैदानावर लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि ३० डिसेंबरला अंजनगाव-सुर्जी येथे दौलतराव शिंदे व इंग्रज यांच्यात तह झाला. इंग्रजांकडून वाटाघाटी करणारा आर्थर वेलस्ली पुढे वॉटर्लूच्या रणांगणावर नेपोलियनसमोर उभा राहिला. एवढे सर्वांच्या वाचनात असते. आजच्या धाग्यात मात्र तह नाही. त्याच गावाच्या शिवारात, शेवरी-पांगाऱ्याच्या सावलीत वाढणाऱ्या एका वेलीच्या मुळाची ही हकिगत आहे.

वेलीचे नाव पिंपळी. वऱ्हाडात तिला पानपिंपळी म्हणतात. तिच्या मुळाला पिंपळमूळ म्हणतात. पारावरच्या पिंपळाशी तिचा काही संबंध नाही; नाव जवळचे असल्यामुळे हा घोटाळा हमखास होतो. ही मिऱ्याच्या आणि विड्याच्या पानाच्या कुळातली वेल. पान हृदयाकृती, नागवेलीसारखेच, फक्त जरा लहान व पातळ. तिला तुतीच्या फळासारखी, करंगळीच्या पेराएवढी कणसे येतात. वाळली की काळपट करडी होतात, आणि किराणा दुकानात ‘लेंडी पिंपळी’ म्हणून मिळतात.

चिनी वैद्यकातील मुळी म्हटली की आपल्याकडील तरुण वाचकाला जिनसेंग आठवते. जाहिरातींनी तेवढे काम चोख बजावले आहे. परंतु तेराशे वर्षांपूर्वीच्या एका चिनी औषधिग्रंथात अशा एका मुळीची नोंद होती, जिचे नावच भारतीय आहे, आणि तिचे गुणही आपल्या चरकसंहितेची आठवण करून देतात. ती मुळी म्हणजे हे पिंपळमूळ. तिथवर जाण्याआधी थोडे आपल्या शिवारात थांबू.

सातपुड्याचा पायथा आणि पूर्णा नदी यांच्यामधला पट्टा नकाशावर पाहावा. नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. तेथे विहीर खणली तरी पाणी खारे लागते, आणि त्या पाण्यावर ओलिताचे पीक घेणे कठीण. उत्तरेकडे, गाविलगडाच्या डोंगररांगांतून उतरणाऱ्या नद्यांच्या काठी, गोडे पाणी मिळते. अंजनगाव-सुर्जी, अकोट, तेल्हारा या भागांतील पानमळे आणि पिंपळीचे मळे याच गोड्या पाण्याच्या आधाराने उभे आहेत. वऱ्हाड म्हणजे कापूस आणि ज्वारी, कोरडवाहू काळी जमीन, हे चित्र खोटे नाही. पण त्याच्या उत्तर कडेला ही हिरवी, दमट, सावलीची शेती आहे, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. पिंपळीला ऊन सोसत नाही, पाण्याचा ताणही सोसत नाही, आणि पाणी साचलेलेही चालत नाही. वैशाखात जिथे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तिथे अशी नाजूक वेल जगवायची म्हणजे अगोदर तिच्यासाठी सावली पेरावी लागते. शेवरी, पांगारा, हदगा, एरंड ही झाडे त्यासाठीच लावतात. वेल त्यांच्यावर चढते आणि त्यांच्याच छायेत राहते.

ही शेती परंपरेने बारी समाजाच्या हातांत आहे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातील जाती-जमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या समाजाची ‘बरई’ या नावाने नोंद आहे, आणि पानवेल नागलोकातून आली या समजुतीचीही. ‘नागवेल’ या शब्दात ती कथा आजही जिवंत आहे. पानमळ्यात पादत्राणे घालून जाऊ नये, असा संकेत पाळला जातो. त्यामागे श्रद्धा आहे हे उघडच. पण ओल्या, सावलीच्या जमिनीत बुरशीचे रोग किती झपाट्याने पसरतात हे ठाऊक असलेल्या माणसाला त्यात शहाणपणही दिसेल.

आता ग्रंथांकडे वळू. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात पिंपळीला उद्देशून एक स्वतंत्र सूक्त आहे. जखमांवरील औषध म्हणून तेथे तिची स्तुती केली आहे. चरकसंहितेत तर पिंपळी पानोपानी भेटते. आपला विषय मूळ आहे, म्हणून एकच स्थळ नीट पाहू. सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात ‘अग्र्य’ द्रव्यांची यादी आहे: अमुक कामासाठी सर्वांत श्रेष्ठ काय, याची जणू गुणवत्ता यादीच. तेथे पिंपळमुळाला स्वतंत्र जागा मिळाली आहे. भूक प्रदीप्त करणारी, अन्न पचविणारी आणि आनाह शमविणारी जी द्रव्ये, त्यांत पिंपळमूळ अग्रणी, असे चरक सांगतो. आनाह म्हणजे वायू आणि मल अडून पोट ताठ फुगणे. पिंपळी, पिंपळमूळ, चवक, चित्रक आणि सुंठ यांचे मिळून ‘पंचकोल’ होते. त्यातही फळ आणि मूळ ही एकाच वेलीची दोन स्वतंत्र औषधे मानली आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

दुसरे स्थळ विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायातले. माझ्या मते पिंपळीविषयी भारतीय वैद्यकाने लिहिलेला हा सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद आहे, आणि सर्वांत कमी वाचला जाणाराही. चरक तेथे तीन पदार्थांची नावे घेतो आणि सांगतो की ते इतर द्रव्यांपेक्षा जास्त प्रमाणात वापरू नयेत: पिंपळी, क्षार आणि मीठ. पिंपळीविषयीचा त्याचा अभिप्राय असा की, ती तात्काळ गुण देते, पण सतत घेतली तर दोषांचा संचय करते. ती ‘योगवाही’ आहे, म्हणजे ज्या औषधाबरोबर द्यावी त्याचा गुण वाहून नेणारी आहे. म्हणून ती अति खाऊ नये. याच चरकाने रसायनाच्या प्रकरणात ‘वर्धमान पिप्पली’चा प्रयोगही सांगितला आहे, ज्यात पिंपळ्यांची संख्या रोज वाढवीत नेऊन मग तशीच उतरवीत आणतात आणि सोबत दूध घेतात. यात विसंगती नाही. ठरावीक दिवस, ठरावीक चढ-उतार, वैद्याची देखरेख, हा प्रयोग झाला. सवय वेगळी.

जाता जाता एक गंमत. त्याच अध्यायात क्षार अति खाणाऱ्यांचे काय होते, हे सांगताना चरक दोन लोकसमूहांची उदाहरणे देतो, प्राच्य आणि चीन. त्यांना अंधत्व येते, टक्कल पडते, केस अकाली पिकतात, असा शेरा त्याने मारला आहे. चिनी लोकांना हे मान्य झाले असते की नाही, कोण जाणे! पण पिंपळीची चर्चा आणि चीनचे नाव एकाच अध्यायात, काही ओळींच्या अंतरावर आहे, एवढे खरे.

पिंपळी चीनला गेली कशी? एक वाट बौद्ध भिक्षूंची. पाली विनयातील महावग्गाच्या औषधविषयक खंडात भिक्षूंनी जवळ बाळगायला हरकत नसलेल्या फळौषधांची यादी आहे. तीत हिरडा, बेहडा, आवळा, मिरे यांच्यासह पिंपळीही आहे. भिक्षू चालला की त्याच्या झोळीतून औषध चालले, आणि विनयाचे ग्रंथ चिनी भाषेत गेले तसे औषधाचे नावही गेले. दुसरी वाट व्यापाराची. काही चिनी ग्रंथ पिंपळीचा देश ‘पो-स’ म्हणजे पारस असा देतात. वेल काही इराणच्या वाळवंटात उगवत नव्हती. माल इराणी व्यापाऱ्यांच्या हातून येत होता, म्हणून नोंद करणाऱ्याने विक्रेत्याचा देश हाच मालाचा देश समजला. आजही आपण हिंगाच्या बाबतीत पेठेचेच नाव अधिक सांगतो, नाही का?

नवव्या शतकातील द्वान छंग-शि या लेखकाने मात्र पत्ता बरोबर लिहिला. तांग काळातील हा मोठा हौशी संग्राहक. ऐकीव कथा, परदेशी वनस्पती, विचित्र चालीरीती, जे सापडेल ते तो टिपून ठेवी. त्याचा मृत्यू ८६३ चा. तो लिहितो की, ही वनस्पती मगध देशात होते आणि तेथे तिला ‘बी-बो-ली’ म्हणतात. ‘पिप्पली’ चिनी अक्षरांत बसवली की अशी होते. पुढे तो वर्णन करतो: वेल तीन-चार फूट, देठ जेवणाच्या काड्यांसारखे बारीक, फळ तुतीसारखे, तोडणी आठव्या महिन्यात. ज्याने अंजनगावचा मळा एकदा पाहिला आहे, त्याला हे वर्णन वाचताना ओळखीचे हसू येईल. अर्थात तांग राजधानीत पोहोचलेली पिंपळी वऱ्हाडची होती, असा अभिमान कोणी बाळगू नये. नाव मगधाचे आहे, आणि आपण इतिहास वाचतो आहोत.

आता मुळाकडे येऊ. द्वानच्याही आधी, सुमारे इ.स. ७३९ मध्ये, चन त्सांग-छी नावाच्या वैद्याने एक औषधिग्रंथ रचला. सरकारी औषधिसंहितेत जे राहून गेले ते वेचून घेणारा ग्रंथ, अशा अर्थाचे त्याचे नाव आहे. मूळ ग्रंथ हरवला. पुढच्या काळातील संहितांनी त्याचे उतारे घेतले, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस ली शि-चन याच्या महाग्रंथातही ते आले, म्हणून आपल्याला तो अंशतः मिळतो. या चन त्सांग-छीच्या नावावर ‘बी-बो-मो’ या औषधाची नोंद आहे. चव तिखट, प्रकृती उष्ण, विषारी नाही.

‘बी-बो-मो’ यातला ‘मो’ कोठून आला? तांगकालीन उच्चारात या अक्षराच्या शेवटी ‘त्’ होता, आणि परभाषेतला ‘र’ किंवा ‘ल’ लिहून दाखवायचा असला की चिनी लेखक असे ‘त्’ने संपणारे अक्षर योजीत. म्हणजे हा ‘मो’ म्हणजे ‘मूल’. बी-बो-मो म्हणजे पिप्पलीमूल. चिनी भाषेत मुळासाठी स्वतःचा साधा शब्द होता, ‘गन’. तो वापरून ‘बी-बोचे गन’ असे सहज म्हणता आले असते. तसे न करता त्यांनी संपूर्ण संस्कृत समास उचलला. वस्तू, तिचे नाव आणि तिच्याविषयी सांगणारा माणूस एकत्र आल्याशिवाय असे सहसा घडत नाही.

आणि आता त्या नोंदीतील उपयोग वाचावेत: गारठ्याने होणारी ओकारी, छाती व पोट फुगणे, अन्न न पचणे, शिवाय अतिश्रमाने येणारा क्षय, कमरेचा व वृक्कांचा गारठा, स्त्रियांच्या पोटातील शैत्य आणि त्यामुळे येणारे वंध्यत्व. पहिले तीन उपयोग चरकाच्या दीपन, पाचन, आनाहशमन या त्रयीशेजारी ठेवून पाहा. जुळणी डोळ्यांत भरते. उरलेले उपयोग मात्र चिनी चष्म्यातून पाहिलेले आहेत. आपल्या वैद्याच्या मते पोटात अग्नी आहे, तो मंदावला, आणि या मुळाने तो पेटवायचा. चिनी वैद्याच्या मते शरीरात शैत्य शिरले आहे, आणि ते या मुळाने हुसकावून लावायचे. मुळी एकच, कोठ्यातले दुखणेही एकच. कारणमीमांसा ज्याची त्याने आपल्या घरची वापरली. वैद्यकाच्या इतिहासात औषध सीमा ओलांडते तेव्हा बहुधा असेच होते: द्रव्य येते, अनुभव येतो, पण सिद्धांत वेशीवरच थांबतो.

तांग सम्राट ताय-झुंग (कारकीर्द ६२६ ते ६४९) याच्याविषयी एक आख्यायिका पुढच्या काळातील चिनी ग्रंथांत येते. सम्राटाला आवेचा विकार जडला, राजवैद्य थकले, आणि अखेर एका कनिष्ठ अधिकाऱ्याने सुचविलेल्या उपायाने गुण आला. उपाय काय? दुधात उकळलेली पिंपळी. त्या अधिकाऱ्याला मोठी बढती मिळाली. कथेतला दरबारी मसाला सोडून द्या. दूध आणि पिंपळी ही जोडी पाहा. वर्धमान पिप्पलीतही दूधच आहे, आणि आपल्या आज्यांच्या घरगुती उपचारांतही पिंपळी दुधातच पडते.

पश्चिमेची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण ती इतरत्र पुष्कळ वाचायला मिळते. ग्रीक ‘पेपेरी’, लॅटिन ‘पिपर’ आणि इंग्रजी ‘पेपर’ ही सारी मिऱ्याची नावे मुळात पिंपळीचे नाव आहेत. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात भडोचहून निर्यात होणाऱ्या मालात लांब मिरी, म्हणजे पिंपळी, नमूद आहे. त्याच ग्रंथात पैठण आणि तेर येथून गाड्यांनी भडोचला माल येतो असेही म्हटले आहे. रोमन लेखक प्लिनी भाव देतो: लांब मिरी शेराऐवजी रोमन पौंडाच्या मापाने १५ दिनार, पांढरी ७, काळी ४. रोममध्ये पिंपळी काळ्या मिऱ्याच्या जवळजवळ चौपट महाग होती! आणि तरी युरोपला पुढे कित्येक शतके ही दोन वेगळ्या वेलींची फळे आहेत हे समजले नव्हते. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादग्रंथात ही चूक दुरुस्त केली.

त्याच पोर्तुगीजांच्या जहाजांतून अमेरिकेची मिरची आली, आणि पिंपळीची पाकशाळेतील सद्दी संपली. नव्या फळाला मराठीने नावही मिऱ्यावरून दिले. ज्या वऱ्हाडात पिंपळी पिकते, त्याच वऱ्हाडात आज ठेच्याचे राज्य आहे. पिंपळी उरली ती औषधाच्या डबीत: बाळगुटीच्या सहाणेवर, सितोपलादी चूर्णात, त्रिकटूत. पिंपळमूळ उरले बाळंतिणीच्या खुराकात. गुजराती घरांत त्यालाच ‘गंठोडा’ म्हणतात, कारण ते बाजारात गाठी-गाठींच्या तुकड्यांच्या रूपात येते.

विज्ञानाने या वेलीकडे दोनदा वळून पाहिले. १८१९ मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ अर्स्टेड याने मिऱ्यातून पायपरिन वेगळे काढले. पिंपळीचा तिखटपणाही त्याचाच. पुढे, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत सी. के. अटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधा प्रश्न विचारला: आयुर्वेदातील इतक्या योगांत त्रिकटू का असते? उत्तर सापडले ते असे की, पायपरिन काही औषधांचे रक्तातील प्रमाण वाढवते, कारण आतडे आणि यकृत यांतील जी विकरे औषध मोडून टाकतात त्यांना ते आवर घालते. चरकाचा ‘योगवाही’ हा शब्द येथे आठवल्याशिवाय राहत नाही. या संशोधनातून क्षयरोगावरील एक संयुक्त गोळी तयार झाली आणि २००९ मध्ये तिला मान्यता मिळाली. तिच्यात १० मिलिग्रॅम पायपरिन घालून रिफॅम्पिसिनची मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणली होती.

दुसरे वळून पाहणे खास मुळाकडे होते. कलकत्त्यात असीमा चॅटर्जी आणि सी. पी. दत्त यांनी पिंपळमुळातून पायपरलाँग्युमिन हे अल्कलॉइड मिळवून १९६७ मध्ये त्याची रचना सविस्तर प्रसिद्ध केली. ते चार दशके फारसे चर्चेत नव्हते. २०११ मध्ये ‘नेचर’मधील एका शोधनिबंधाने असा दावा केला की, प्रयोगशाळेत ते कर्कपेशींना निवडून मारते; तो निबंध पुढे मागे घेण्यात आला. लगेच ‘पिंपळमुळाने कर्करोग बरा होतो’ असे संदेश फिरू लागतात, म्हणून स्पष्ट लिहितो: हे प्रयोग पेशींवर आणि उंदरांवर झाले. काढ्याचा आणि त्यांचा संबंध नाही.

आणि चरकाचा इशारा आज अधिक लागू आहे, कारण आज घरोघरी रोजच्या गोळ्या आहेत. जे द्रव्य दुसऱ्या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढवते, ते रक्त पातळ करणाऱ्या किंवा फिट्सच्या गोळीबरोबर रोज मनाने घेतले, तर ती गोळी नकळत जास्त होऊ शकते. ‘योगवाही आहे, म्हणून अति नको’ या वाक्यातला ‘म्हणून’ आपण गाळला, आणि ‘योगवाही आहे’ एवढेच जाहिरातीत छापले.

मळ्याचे काय? राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या प्राधान्यक्रमातील वनस्पतींत पिंपळीचे नाव आहे, आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे नागार्जुन वनौषधी उद्यान याच प्रदेशात आहे. बाजारात मात्र जावाकडील दुसऱ्या जातीची, जाड व लांब पिंपळी येऊन बसते, आणि दुकानातल्या बरणीवर दोहोंचे नाव एकच असते. इकडे मळ्यात सावलीची झाडे वाढवायची, वेल बांधायची, हिरवे कणीस पिकून मऊ पडण्याआधी हाताने खुडायचे, आठवडाभर उन्हात वाळवायचे. यातले एकही काम यंत्राने होत नाही.

मूळ सर्वांत शेवटी निघते. मूळ काढले की वेल संपली, म्हणून वेल कणसे देते आहे तोवर शेतकरी तिच्या मुळाला हात लावत नाही. दोन-तीन वर्षांनी पीक उतरू लागले की खणती सुरू होते. ओल्या मातीतून मूळ आणि बुडख्याचे जाड, गाठाळ खोड एकत्र बाहेर येते. ते धुतात, बोटभर लांबीचे तुकडे करतात, आणि सावलीला पसरतात. पांगाऱ्याखालची ती जागा काही दिवस मोकळी दिसते. मग जुन्या वेलीची राखून ठेवलेली फांदी तिथेच पुन्हा लावतात.